ग्नू मेक: एका मेकफाइलमधून अनेक प्रोग्रॅम बिल्ड करणाऱ्यांच्या दृष्टीने परीक्षण

एकाच प्रकल्पातून एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम तयार होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. मुख्य प्रोग्रॅमच्या जोडीला माहिती आत आणणारे एखादे छोटे साधन असते, चाचणीचा प्रोग्रॅम वेगळा असतो, कुठे सर्व्हर आणि क्लायंट अशी जोडी असते; आणि या सगळ्यांचा बराचसा कोड सामाईक असतो. अशा प्रकल्पासाठी ग्नू मेक हे बिल्डचे, म्हणजे सोर्स फाइलींपासून प्रोग्रॅम तयार करण्याचे, साधन कितपत उपयोगी पडते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित आहे. परीक्षणासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ४.४.१ ही आवृत्ती, जीसीसी हा कंपायलर आणि मुख्यतः सी ही भाषा धरली आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मेकला ‘प्रोग्रॅम’ म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्याला फाइल कळते, त्या फाइलमध्ये शेवटचा बदल केव्हा झाला हे कळते, आणि कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे आपण लिहून दिले तर तेवढे कळते. अनेक प्रोग्रॅम एकत्र बिल्ड करताना मेकचे जे गुण दिसतात ते याच मर्यादित ज्ञानातून आले आहेत, आणि जे दोष पुढे तासन्‌तास छळतात तेही त्यातूनच आले आहेत. हे एकदा पक्के ध्यानात ठेवले तर मेकचे जवळजवळ कोणतेही वागणे अनपेक्षित वाटत नाही.

आधी गुणाकडे पाहू. समजा आयात, छाननी आणि अहवाल असे तीन प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येकाची त्याच नावाची एकेक सी फाइल आहे. (ही नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्ष प्रकल्पात ती अर्थातच रोमन लिपीत असतील.) तर पुढची एक ओळ ही संपूर्ण मेकफाइल, म्हणजे मेकला द्यायच्या सूचनांची फाइल, होऊ शकते:

ऑल: आयात छाननी अहवाल

यात कंपायलरचा उल्लेख नाही, कमांड नाही, फाइलींची यादीही नाही. आयात नावाची फाइल हवी आहे आणि शेजारी आयात.सी पडली आहे एवढ्यावरून मेक आपल्या पोटातल्या तयार नियमांपैकी योग्य तो नियम निवडते आणि कंपायलरला बोलावते. तिन्ही प्रोग्रॅम तयार झाल्यावर पुन्हा मेक चालवले तर ‘काही करण्यासारखे नाही’ अशा अर्थाचा एका ओळीचा निरोप येतो, फक्त छाननी.सी बदलली तर फक्त छाननी पुन्हा तयार होतो. शिवाय कमांडमध्ये ‘मेक अहवाल’ असे नाव देऊन एकच प्रोग्रॅम मागता येतो, आणि त्यासाठी मेकफाइलमध्ये वेगळे काहीही लिहावे लागत नाही. इतक्या कमी मजकुरात इतके काम करणारे दुसरे बिल्ड साधन मला माहीत नाही.

या एका ओळीतला ‘ऑल’ मात्र गाळता येत नाही, आणि नवख्या माणसाची पहिली गल्लत हमखास इथेच होते. मेक चालवताना कोणतेच नाव दिले नाही तर मेक त्या मेकफाइलमधले पहिले टार्गेट, म्हणजे अपूर्णविरामाच्या डावीकडे लिहिलेले नाव, तयार करते आणि थांबते. तीन प्रोग्रॅमचे तीन नियम एकाखाली एक बिनचूक लिहिले, पण वर त्या तिघांना एकत्र गुंफणारे टार्गेट ठेवले नाही, तर फक्त पहिला प्रोग्रॅम तयार होतो. एरर येत नाही, इशारा येत नाही, आणि बाकीच्या दोन प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती शेजारी पडलेल्या असतील तर काही बिनसले आहे हे लक्षातही येत नाही. मेकच्या बाजूने पाहिले तर यात चूक काहीच नाही: त्याला एक फाइल मागितली आणि त्याने ती दिली. बिंदूने सुरू होणारी खास टार्गेटे आणि टक्के-चिन्हाचे पॅटर्न नियम (एकाच नियमात अनेक नावे बसवणारे) या ‘पहिल्या’च्या हिशोबात धरले जात नाहीत, त्यामुळे ‘ऑल’च्या वर डॉट-फोनीची ओळ (कोणती टार्गेटे प्रत्यक्ष फाइली नाहीत हे सांगणारी) खुशाल ठेवता येते.

याच नियमाचा एक आडवळणाचा परिणाम जुन्या जाणत्यांनाही गाठतो. मेकफाइलच्या वरच्या भागात दुसरी फाइल इन्क्लूड केली आणि तिच्यात एखादा नियम असला, तर त्या फाइलमधले पहिले टार्गेट हे सगळ्या प्रकल्पाचे पहिले टार्गेट ठरते. हेडर फाइलींचे अवलंबित्व नोंदवणाऱ्या डॉट-डी फाइली कोणी उत्साहाने वरच जोडल्या, तर मेक चालवल्यावर आयात.ओ ही एकच ऑब्जेक्ट फाइल (एका सी फाइलीचे कंपाइल झालेले रूप) तयार होते आणि काम थांबते. गंमत अशी की अगदी पहिल्या खेपेला सगळे सुरळीत चालते, कारण तेव्हा डॉट-डी फाइली अस्तित्वातच नसतात. इन्क्लूड शेवटी लिहावे, किंवा डॉट-डीफॉल्ट-गोल हे व्हेरिएबल स्पष्टपणे ठरवून द्यावे. मी पहिला मार्ग पसंत करतो, कारण तो मेकफाइल वाचणाऱ्याला चटकन दिसतो.

‘ऑल’ आणि ‘क्लीन’ डॉट-फोनीमध्ये घालावेत असे सगळेच सांगतात, पण दोघांची गरज सारखी नाही. तयार फाइली पुसून टाकणाऱ्या ‘क्लीन’ला कशाचेच अवलंबित्व नसते, त्यामुळे त्या नावाची फाइल चुकून कुठून आली तर मेक ती अद्ययावत समजते आणि काहीच पुसत नाही. ‘ऑल’च्या बाबतीत त्याच्यापुढे लिहिलेले प्रोग्रॅम तसेही तपासले जातातच. खरी अडचण प्रोग्रॅमच्या नावाची होते. प्रोग्रॅमचे नाव आणि शेजारच्या फोल्डरचे नाव एकच असेल तर मेक तो फोल्डरच तयार माल समजण्याची शक्यता असते, आणि तसे झाले नाही तरी लिंकरला (ऑब्जेक्ट फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) त्या नावाने फाइल लिहिता येत नाही. तयार प्रोग्रॅम ‘बिन’सारख्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले की हा प्रश्न मिटतो.

आता सामाईक कोडकडे येऊ. मेकचा खरा कस इथे लागतो. एका प्रोग्रॅमच्या प्रकल्पात वाइल्डकार्डने फोल्डरमधल्या सगळ्या सी फाइली गोळा करून त्या एकत्र लिंक करण्याची सवय लागलेली असते. दुसरा प्रोग्रॅम आला की त्याच मेकफाइलमध्ये मेन हे, प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते, फंक्शन दोनदा सापडते आणि लिंकर तक्रार करतो. कोणत्या सी फाइलीतून प्रोग्रॅम बनतो आणि कोणती नुसती मदतनीस आहे हे मेक ओळखू शकत नाही. ते आपणच सांगायचे असते. सांगण्याची सर्वांत नीटस पद्धत म्हणजे स्टॅटिक पॅटर्न नियम:

प्रोग्रॅम := आयात छाननी अहवाल
ऑल: $(प्रोग्रॅम)
$(प्रोग्रॅम): %: %.ओ सामाईक.ओ
अहवाल: तक्ता.ओ

तिसऱ्या ओळीचा अर्थ असा की यादीतला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्याच नावाच्या ऑब्जेक्ट फाइलीवर आणि सामाईक.ओ या फाइलीवर अवलंबून आहे. चौथी ओळ अहवाल या प्रोग्रॅमच्या अवलंबित्वात आणखी एका फाइलीची भर घालते. एका टार्गेटची माहिती अशी अनेक ओळींत विभागून लिहिता येते आणि मेक ती एकत्र करते, ही सोय अनेक प्रोग्रॅमच्या प्रकल्पात फार मोलाची आहे: सगळ्यांना लागू असलेले एकदाच लिहायचे आणि ज्याचे वेगळेपण असेल त्याच्यापुरती एक ओळ वाढवायची. इथेही कमांड लिहिलेली नाही. प्रोग्रॅमच्याच नावाची एखादी ऑब्जेक्ट फाइल यादीत असेल तर मेकचा तयार नियम अवलंबित्वातल्या सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकत्र लिंक करतो. सामाईक.सी बदलली की ती एकदाच कंपाइल होते आणि तिन्ही प्रोग्रॅम पुन्हा लिंक होतात, तक्ता.सी बदलली तर फक्त अहवाल. हा हिशोब मेक कधीही चुकवत नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या कल्पनेवर उभे असलेले हे साधन आजही वापरात का आहे याचे उत्तर या चार ओळींत सापडते.

मदतनीस फाइली वाढल्या की त्यांची स्टॅटिक लायब्ररी, म्हणजे ऑब्जेक्ट फाइलींचा एक गठ्ठा, करणे सोयीचे होते, कारण मग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये त्याला लागणारेच ऑब्जेक्ट ओढले जातात आणि कोणत्या प्रोग्रॅमला काय लागते याची यादी सांभाळावी लागत नाही. मात्र जुन्या लायब्ररी फाइलमध्येच नवे ऑब्जेक्ट भरत राहिले तर प्रकल्पातून काढून टाकलेली ऑब्जेक्ट फाइल आत तशीच राहते. म्हणून लायब्ररी बनवण्याआधी जुनी पुसून टाकणारी कमांड नियमात अवश्य घालावी.

लिंक करतानाच्या फ्लॅगबाबत, म्हणजे कमांडला द्यायच्या पर्यायांबाबत, एकच गोष्ट महत्त्वाची आहे. गणिताची किंवा दुसरी कोणतीही लायब्ररी एलडीलिब्ज या व्हेरिएबलमध्ये लिहावी, एलडीफ्लॅग्जमध्ये नाही. तयार नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात आणि एलडीलिब्ज त्यांच्या नंतर. स्टॅटिक लायब्ररी आधी आली तर तोवर तिच्यातले काहीच कोणी मागितलेले नसते आणि लिंकर ती कोरडीच ओलांडून पुढे जातो. सी प्लस प्लस वापरणाऱ्यांना आणखी एक खड्डा चुकवावा लागतो: ऑब्जेक्ट फाइलींपासून लिंक करणारा तयार नियम सी कंपायलर वापरतो, त्यामुळे प्रमाण लायब्ररीतली नावे सापडत नाहीत अशा तक्रारींचा पूर येतो. लिंकची कमांड आपल्या हाताने लिहिली की हा प्रश्न सुटतो, आणि माझ्या मते सी प्लस प्लसच्या प्रकल्पात ती तशी लिहावीच.

आता त्या सोयीबद्दल, जी मला या साधनातली सर्वांत धोकादायक सोय वाटते. एखाद्या व्हेरिएबलला एका टार्गेटपुरती वेगळी किंमत देता येते. अहवाल या प्रोग्रॅमला गणिताची लायब्ररी हवी असेल तर ‘अहवाल: एलडीलिब्ज += -एलएम’ एवढे लिहिणे पुरते आणि ते सुरक्षितही आहे, कारण एलडीलिब्जचा उपयोग लिंक करतानाच होतो. मग साहजिकच कोणी तरी छाननी या प्रोग्रॅमला जास्तीचे संदेश छापायला लावणारा मॅक्रो (कंपाइल करताना द्यायची खूण) देण्यासाठी ‘छाननी: सीफ्लॅग्ज += …’ असे लिहितो; सीफ्लॅग्ज हे कंपाइल करतानाच्या फ्लॅगचे व्हेरिएबल. वरवर पाहता दोन्ही ओळी एकाच जातीच्या आहेत. पण टार्गेटला दिलेली किंमत त्या टार्गेटच्या सगळ्या अवलंबित्वांकडे वारशाने जाते, म्हणजे छाननी.ओ सोबत सामाईक.ओ या फाइलीकडेही जाते, आणि सामाईक.ओ ही फाइल तिघांसाठी मिळून एकच आहे, जी एका खेपेत जास्तीत जास्त एकदाच तयार होते.

परिणाम कसा होतो पाहा. सगळे पुसून नुसते मेक चालवले तर यादीत पहिला असलेला आयात आधी हाताळला जातो, त्याच्यासाठी सामाईक.ओ मॅक्रोशिवाय कंपाइल होते, आणि छाननी हा प्रोग्रॅम तीच मॅक्रोविना फाइल लिंक करून घेतो. सगळे पुसून ‘मेक छाननी’ चालवले आणि मग नुसते मेक चालवले, तर सामाईक.ओ मॅक्रोसह कंपाइल होते आणि आयात व अहवाल हे दोघेही ती मॅक्रोवाली फाइल घेऊन बसतात. सोर्स तोच, मेकफाइल तीच, आणि कोणती कमांड आधी दिली यावर तयार होणारे प्रोग्रॅम बदलतात. त्या मॅक्रोमुळे एखाद्या स्ट्रक्चरचा आकार बदलत असेल तर कंपायलर आणि लिंकर दोघेही गप्प राहतात आणि प्रोग्रॅम चालताना भलत्याच ठिकाणी कोसळतो. असा दोष शोधताना माणूस आधी आपल्या कोडवर संशय घेतो, नंतर कंपायलरवर, आणि मेकफाइलवर अगदी शेवटी.

ग्नू मेकच्या मॅन्युअलमध्ये हे वागणे स्पष्ट लिहिलेले आहे, तेव्हा याला लपलेला दोष म्हणता येणार नाही. उपायही आहेत. फ्लॅग फक्त छाननी.सीला हवा असेल तर तो छाननी.ओ या टार्गेटला द्यावा, प्रोग्रॅमला देऊ नये. वारसा थांबवण्यासाठी ३.८२ या आवृत्तीपासून ‘प्रायव्हेट’ हा शब्द लावता येतो, परंतु मग ती किंमत छाननी.ओ या फाइलीकडेही पोचत नाही, त्यामुळे कंपाइल करतानाच्या फ्लॅगसाठी त्याचा फारसा उपयोग नाही. सामाईक फाइल दोन प्रोग्रॅमसाठी खरोखरच दोन प्रकारे कंपाइल करायची असेल तर तिच्या दोन वेगळ्या नावांच्या ऑब्जेक्ट फाइली करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे: छाननी-सामाईक.ओ अशी वेगळी फाइल आणि तिच्यासाठी वेगळा पॅटर्न नियम. ऑटोमेक हे साधन अशा प्रसंगी ऑब्जेक्ट फाइलीला प्रोग्रॅमचे नाव आपोआप जोडते; मेककडून ती अपेक्षा ठेवता येत नाही, कारण मेकच्या लेखी छाननी हा प्रोग्रॅम नसून केवळ आणखी एक फाइल आहे.

हेडर फाइलींचे अवलंबित्व हाताने लिहिण्याची गरज कधीच संपली आहे. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांना एमएमडी आणि एमपी हे दोन फ्लॅग दिले की प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीसोबत एक डॉट-डी फाइल तयार होते, आणि मेकफाइलच्या शेवटी त्या सगळ्या इन्क्लूड केल्या की काम झाले. एमपी विसरू नये. तो नसेल आणि एखादी हेडर फाइल प्रकल्पातून काढून टाकली तर मेक ती शोधत बसते आणि बिल्ड अडते.

एकाच मेकफाइलचा सर्वांत मोठा फायदा समांतर बिल्डमध्ये दिसतो. ‘-जे’ हा पर्याय आणि एक आकडा दिला की मेक तितकी कामे एकाच वेळी चालवते (आकडा दिला नाही तर मर्यादाच राहत नाही, आणि मोठ्या प्रकल्पात यंत्र गुदमरते). तीन प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट फाइली एकाच वेळी कंपाइल होऊ लागतात, सामाईक.ओ मात्र तरीही एकदाच होते आणि ती पूर्ण होईपर्यंत कोणताही प्रोग्रॅम लिंक होत नाही. अवलंबित्वांचा संपूर्ण आलेख एका मेकसमोर असल्यामुळेच हे जमते.

अनेक प्रकल्पांत मात्र प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा फोल्डर आणि स्वतःची मेकफाइल असते आणि वरची मेकफाइल एकेका फोल्डरमध्ये जाऊन नवे मेक चालवते. ही रचना दिसायला नीटनेटकी असते, पण तिच्यात ज्ञानाचे तुकडे पडतात. आयातच्या मेकला सामाईक फोल्डर लागतो आणि छाननीच्या मेकलाही; दोघांना एकमेकांची खबर नसते. समांतर बिल्डमध्ये दोघेही एकाच क्षणी तीच सामाईक.ओ लिहायला घेतात आणि कधी तरी एखाद्याच्या हाती अर्धवट लिहिलेली फाइल लागते. दहा वेळा चालणारा आणि अकराव्या वेळी फसणारा बिल्ड बहुधा असल्याच रचनेतून जन्म घेतो. फोल्डर वेगळे हवे असतील तर खुशाल ठेवावेत. प्रत्येक फोल्डरमध्ये फाइलींच्या यादीचा छोटा तुकडा ठेवून ते सगळे वरच्या एका मेकफाइलमध्ये इन्क्लूड करता येतात. त्यात प्रत्येक फाइलीच्या नावाआधी फोल्डरचे नाव लिहावे लागते एवढाच काय तो जाच.

समांतर बिल्डच्या आसपास नव्या आवृत्त्यांनी दिलेल्या सुविधा उत्तम आहेत. २०१३ च्या ४.० या आवृत्तीपासून आउटपुट-सिंक हा पर्याय आहे, त्यामुळे तीन कंपायलरांचे एरर एकमेकांत मिसळत नाहीत. ऑक्टोबर २०२२ च्या ४.४ या आवृत्तीत शफल हा पर्याय आला. तो अवलंबित्वांचा क्रम मुद्दाम विस्कटतो. एखादे अवलंबित्व लिहायचे राहून गेले असेल आणि केवळ यादीतल्या क्रमाच्या कृपेने बिल्ड चालत असेल, तर शफल ते उघडे पाडतो आणि बिल्ड पडल्यास क्रम ठरवण्यासाठी वापरलेला आकडा एररसोबत छापतो, म्हणजे तोच क्रम पुन्हा वापरून तपास करता येतो. अनेक प्रोग्रॅमच्या मेकफाइलसाठी यापेक्षा स्वस्त चाचणी नाही. कीप-गोइंग, म्हणजे ‘-के’ हा जुना पर्यायही इथे खूप उपयोगी पडतो: आयात कंपाइल झाला नाही तरी त्याच्यावर अवलंबून नसलेले बाकीचे दोन प्रोग्रॅम मेक पूर्ण करते आणि शेवटी अपयशाची नोंद करते.

मेकला जे मुळीच दिसत नाही त्याची यादीही लहान नाही. कमांड बदलली हे त्याला कळत नाही: सीफ्लॅग्जमध्ये ऑप्टिमायझेशनची पातळी बदलली आणि मेक चालवले तर सगळे अद्ययावत असल्याचा निर्वाळा मिळतो, कारण कोणत्याही सोर्स फाइलीची वेळ बदललेली नसते. लिनक्स कर्नलच्या बिल्ड व्यवस्थेने यासाठी प्रत्येक ऑब्जेक्टची कमांड वेगळ्या फाइलीत नोंदवून ठेवण्याची यंत्रणा मेकच्या वर रचली आहे. लहान प्रकल्पात सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींना मेकफाइलवरच अवलंबून ठेवणे हा ढोबळ पण चालणारा उपाय आहे. तसेच छाननी या प्रोग्रॅमचे नाव यादीतून काढले तर त्याची तयार फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते आणि ‘क्लीन’ही तिला हात लावत नाही, कारण ‘क्लीन’ची यादीसुद्धा तीच असते. कोणी ती जुनी फाइल महिनोन्‌महिने चालवत राहिला तरी मेक काही बोलणार नाही. फाइलींच्या नावांत रिकामी जागा असेल तर मेकचा नाद सोडावा.

प्रोग्रॅम दहाच्या पुढे गेले आणि प्रत्येकाच्या फाइलींची यादी वेगळी असली, की लोक फोरीच, कॉल आणि इव्हॅल ही फंक्शने वापरून नियमांचा साचा बनवतात. हे जमते, आणि जमल्यावर नवा प्रोग्रॅम जोडणे म्हणजे एक यादी लिहिणे एवढेच उरते. पण साच्यातला मजकूर दोनदा उलगडला जात असल्याने काही डॉलर-चिन्हे दुप्पट लिहावी लागतात आणि कोणती एकेरी व कोणती दुप्पट हे सहा महिन्यांनी पाहणाऱ्याला सहज उमगत नाही. सेकंडरी एक्सपान्शनची, म्हणजे अवलंबित्वांची यादी मेककडून दुसऱ्यांदा उलगडून घेण्याची, पद्धत त्या मानाने आटोपशीर आहे, डॉलरची कसरत तिच्यातही आहेच. चार-सहा प्रोग्रॅम असतील तर प्रत्येकाची ओळ हाताने लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मेकफाइल वाचणारा माणूस बहुधा घाईत असतो.

टॅबबद्दल थोडेसे. कमांडची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे हा नियम मूळ मेकपासून चालत आला आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिले. निमित्त असे की त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ आधीच दुरुस्त केलेला दोष शोधण्यात वाया गेली होती, कारण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. टॅबचा नियम त्रासदायक आहे हे लवकरच लक्षात आले, पण तोवर जेमतेम डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून तो तसाच राहिला. फेल्डमन यांना मेकसाठी २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. ग्नू मेकमध्ये ३.८२ पासून टॅबऐवजी दुसरे चिन्ह ठरवता येते, पण ते सहसा कोणी वापरत नाही.

पर्यायांचा विचार करायचा तर सीमेक आणि मेसन या दोन बिल्ड साधनांना प्रोग्रॅम म्हणजे काय हे ठाऊक आहे. त्यांच्यात प्रत्येक प्रोग्रॅमची एक नोंद करायची असते, फ्लॅग त्या प्रोग्रॅमला चिकटतात आणि सामाईक फाइल दोन प्रोग्रॅममध्ये दिली तर तिच्या दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट फाइली आपोआप होतात. वर वर्णन केलेला वारशाचा घोळ तिथे उद्‌भवतच नाही. त्याची किंमत म्हणजे एक जास्तीची पायरी, शिकायची एक नवी भाषा आणि एकच सामाईक फाइल अनेकदा कंपाइल होणे. ती टाळायची तर लायब्ररी करावी लागते. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा प्रकल्प असेल, विंडोजवरही बिल्ड करायचे असेल, किंवा बाहेरच्या लायब्ररी शोधाव्या लागत असतील तर मेकचा हट्ट धरू नये. एका यंत्रजातीवरचा, एका भाषेतला, वीसेक प्रोग्रॅमपर्यंतचा प्रकल्प असेल तर मात्र मी आजही मेकच निवडेन, आणि सी वगळून इतर कामांसाठी, म्हणजे माहितीच्या फाइलींवर प्रक्रिया करून अहवाल तयार करणाऱ्या साखळीसाठी, तर जास्तच खात्रीने निवडेन.

निवडण्याआधी हाताशी असलेली आवृत्ती तपासून घ्यावी. मॅकओएससोबत येणारे मेक ३.८१ आहे, म्हणजे २००६ चे. त्यात प्रायव्हेट, आउटपुट-सिंक किंवा शफल यांपैकी काहीच नाही. जुन्या आवृत्तीला न समजणारा पर्याय कमांडमध्ये दिला तर ती निदान तक्रार तरी करते. मेकफाइलमधल्या नव्या चिन्हांबाबत तसे होत नाही. एका कमांडमधून दोन फाइली तयार होतात असा प्रसंग अनेक प्रोग्रॅमच्या प्रकल्पात येतोच: बायसनसारखे, व्याकरणापासून पार्सरचा कोड लिहून देणारे, साधन एकदाच चालते, त्यातून सी फाइल आणि हेडर फाइल दोन्ही निघतात, आणि ती हेडर दुसऱ्याच प्रोग्रॅमला हवी असते. दोन टार्गेटे एका साध्या नियमात लिहिली तर मेक ती कमांड दोघांसाठी वेगवेगळी, म्हणजे दोनदा, चालवायला निघते. जानेवारी २०२० च्या ४.३ या आवृत्तीपासून अपूर्णविरामाआधी ‘&’ हे चिन्ह लावून ती एकगठ्ठा आहेत असे सांगता येते. हाच नियम ३.८१ ला दिला तर ते ‘&’ नावाचे तिसरे टार्गेट आहे असे समजते, कुरकुर न करता पुढे जाते आणि समांतर बिल्डमध्ये बायसन दोनदा चालवते. डॉट-फीचर्स या, मेकच्या सुविधांची यादी असलेल्या, व्हेरिएबलमध्ये ‘ग्रुप्ड-टार्गेट’ हा शब्द आहे का हे मेकफाइलच्या सुरुवातीलाच तपासावे आणि नसेल तर एरर फंक्शनने बिल्ड तिथेच थांबवावा.